विसरलं, की नोंदलंच गेलं नव्हतं?

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरच्यांची तक्रार साधारण एकच असते: 'आता काही लक्षात राहत नाही.' पण या एका वाक्यात निदान तीन वेगळे बिघाड दडलेले असू शकतात आणि तिघांवरचे उपायही वेगळे.

ते ओळखायची एक चाचणी साधी दिसते. 15 शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणायला लावायचे. मध्ये दुसरीच एक यादी द्यायची आणि 20 ते 30 मिनिटांनी पहिली यादी पुन्हा विचारायची. कुणाचा आकडा पाचव्या फेरीलाही पहिल्या फेरीएवढाच असतो. तिथे शब्द नीट आत शिरलेलेच नसतात, गोची बहुधा लक्ष देण्यात असते. कुणी बारा शब्द शिकतो, पण अर्ध्या तासाने दोनच सांगतो आणि यादी समोर ठेवली तरी आपले शब्द ओळखत नाही. म्हणजे साठवणच गळकी. तिसऱ्याला स्वतःहून आठवत नाही, पण दाखवल्यावर तो बरोबर ओळखतो. त्याच्याकडे माल आहे, काढता येत नाही. कपाळामागचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, दुखावला की असं बरेचदा दिसतं.

साठवणीचं काम कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसचं. हे कळलं ते मोठी किंमत मोजून. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. फिट्स खूप कमी झाल्या, पण नवी घटना मनात टिकेना. गंमत अशी की आरशात पाहून चांदणी गिरवण्यात त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, हे मात्र त्याला दर वेळी नव्यानं सांगावं लागे.

आता अपस्मारासाठी एकाच बाजूची शस्त्रक्रिया करतात. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते, म्हणून डावीकडे कापलं की नावं आणि शब्द अडखळण्याचा धोका जास्त. आणि इथे एक उलटं गणित आहे: काढलेला हिप्पोकॅम्पस आधीच सुकलेला असेल तर नुकसान कमी, धडधाकट असेल तर जास्त. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीची स्मृतिचाचणी टाळू नये. ती नसेल तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

पहिल्या काही दिवसांतला गोंधळ वेगळा. रात्री भ्रम, सकाळी शुद्धीत, असा चढउतार डेलिरियममध्ये, म्हणजे आजारपणातल्या तात्पुरत्या गोंधळलेल्या अवस्थेत, होतो. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन झोप उडवतं, म्हणून त्याचा दिवसातला शेवटचा डोस किती वाजता घ्यायचा हे डॉक्टरांना विचारावं; मनानं ते एकदम बंद करू नये. फिट्सच्या गोळ्यांपैकी टोपिरामेटनं शब्द सुचेनासे होतात, लेव्हेटिरासिटॅमनं चिडचिड वाढते. पुष्कळदा 'स्मृती गेली' म्हणतात ती अशी गोळ्यांत आणि अपुऱ्या झोपेत अडकलेली असते.

सुधारत असलेला माणूस पुन्हा सुस्तावू लागला, डोकेदुखी आणि उलट्या वाढल्या, ताप आला किंवा जखमेतून पाणी झिरपलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मेंदूत पाणी साचणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, यातलं काहीही असू शकतं.

घरी करायचं ते बिघाड पाहून. लक्ष तुटत असेल तर टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती परत म्हणवून घ्यावी. काढता येत नसेल तर पहिलं अक्षर सुचवावं. साठवण गळकी असेल तर 'आठव, आठव' म्हणून ताणू नये, कारण अंदाजानं दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात घट्ट बसतं. उत्तर आधी सांगावं, मग एका मिनिटानं विचारावं, जमलं तर दोन, मग चार मिनिटांनी. चुकलं की लगेच बरोबर उत्तर सांगून मागच्या अंतरावर यावं. आणि वही एकच ठेवावी, ठरलेल्या जागी, पेन दोरीनं बांधून. तीन वह्या केल्या, तर कुठली गोष्ट कुठल्या वहीत लिहिली हेही लक्षात ठेवावं लागतं.