कोकण किनाऱ्यावरील हॅम रेडिओ केंद्र : वीजपुरवठा आणि अँटेना

हौशी रेडिओचा (हॅम रेडिओचा) मोठ्या शक्तीचा ट्रान्सीव्हर (बोलणे पाठवणारा आणि ऐकवणारा संच) चालवण्यासाठी करावी लागणारी वीज, केबल, अँटेना आणि अर्थिंग यांची जुळणी. लघुलहरींवरचा घरगुती संच बहुधा १०० वॅटचा असतो. भारतात जनरल श्रेणीच्या परवान्यावर ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. त्यासाठी संचाला वेगळा ॲम्प्लिफायर जोडतात. संच देशावर चालतो तसाच कोकणातही चालतो. फरक पडतो तो त्याच्या मागच्या वायरीत आणि बाहेरच्या तारेत, कारण खारा वारा, जांभ्याचा कातळ आणि चार महिन्यांचा पाऊस यांची गाठ त्यांच्याशी असते.

वीज : १०० वॅटचा संच १३.८ व्होल्टवर चालतो आणि पूर्ण शक्तीने बोलताना २० ते २२ अँपिअर खेचतो. घरात पडलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर त्याला पुरत नाही. बॅटरी संचापासून तीन मीटर अंतरावर असली तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर होते आणि तिच्यातच दीड व्होल्टहून अधिक गळती होते. भरलेली बॅटरीही मग संचापर्यंत अकरा व्होल्टच पोहोचवते. आवाज फाटतो किंवा संच बंद पडतो. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची घेतली की गळती पाव व्होल्टवर येते. फ्यूज दोन्ही वायरींना आणि बॅटरीच्या अगदी जवळ हवा. संचाजवळचा फ्यूज संच वाचवतो, पण मधल्या वायरीला लागणारी आग थांबवत नाही.

४०० वॅटचा ॲम्प्लिफायर २३० व्होल्टवर साधारण चार अँपिअर घेतो. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी द्यावी. विहिरीच्या पंपाच्या लाइनवर तो कधीच जोडू नये. लांबच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज उतरते, म्हणून जोडणीपूर्वी चार-पाच संध्याकाळी मीटर लावून आकडे टिपून ठेवावेत.

बॅटरीचा विचार कोकणात जास्त गांभीर्याने करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर एकाच वेळी गेले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. १०० अँपिअर-अवरची बॅटरी बेताने बोलल्यास साधारण एक दिवस पुरते. जूनच्या ढगांत सोलर पॅनेलचा भरवसा धरू नये. शक्ती २० वॅटवर आणली तर तीच बॅटरी बरीच जास्त टिकते, आणि मदतीचा निरोप २० वॅटवरही पोहोचतो.

अँटेना : ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्धलहर डायपोलची (मध्यावर केबल जोडलेल्या आडव्या तारेच्या अँटेनाची) तार सुमारे २० मीटर लागते, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. दहा-बारा मीटर उंचीवर बांधलेला हा डायपोल बरीचशी शक्ती वर आकाशात फेकतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी हेच उपयोगी पडते, कारण घाटाची भिंत व्हीएचएफला (सरळ रेषेत जाणाऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरींना) अडवते, तर आकाशातून परतलेली ही लहर दिवसा घाटमाथा सहज ओलांडते.

आधाराला माड असतातच. गलोलीने तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) झावळांवरून पलीकडे टाकायचा, त्याच्या मागून दोर ओढून घ्यायचा. ते जमले नाही तर पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) विनंती करायची. मात्र माड वाऱ्यात डोलतो. दोन्ही टोके घट्ट बांधली तर पहिल्याच वादळात तार तुटते. एका टोकाला कप्पी लावून दोराला वाळूची बादली टांगली की माड झुकेल तशी बादली वर-खाली होते आणि ताण कायम राहतो. टोके झावळांपासून दूर ठेवावीत. ४०० वॅटवर तिथे हजाराच्या वर व्होल्ट असतात आणि ओली झावळ टेकली तर ती करपते. विजेच्या तारांवर अँटेना पडू शकेल अशी जागा निवडूच नये.

सांधे : खरा घात इथे होतो. अँटेनाच्या केबलचा उघडा ठेवलेला कनेक्टर एका पावसाळ्यानंतर खोलून पाहावा : आत हिरवी पूड, तांब्याची जाळी काळी पडलेली, आणि केबल कापत गेले तरी पुढे ओलच. ती जाळी वातीसारखी पाणी ओढत नेते. म्हणून सांध्यावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळतात. कौले रचतात तशी वरची घडी खालच्या घडीवर आली की पाणी ओघळून जाते. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, थेंब तिथून गळतात. नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ही सगळी तपासणी आगोटीच्या कामांबरोबर, मे महिन्यात उरकावी.

समुद्रकाठी घर असणाऱ्याला एक देणगी फुकट मिळते. खारे पाणी कोरड्या खडकाच्या हजारो पट सुवाहक असते. खाडीच्या काठावर १४ मेगाहर्ट्झसाठी पाच मीटरची उभी तार बांबूला बांधली आणि दोन-तीन रेडियल (तिच्या बुडापासून आडव्या पसरलेल्या तारा) पाण्यालगत सोडले, की क्षितिजालगत जाणारी लहर जोरकस होते आणि दूर देशांची केंद्रे मिळतात. हीच तार सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) उभी केली तर सोळा रेडियल अंथरूनही ती मजा येत नाही.

अर्थिंग : कातळात सळई उतरत नाही. वाडीत शिंपणाचे पाणी मुरते त्या मातीत अंतराअंतराने तीन-चार सळया ठोकून त्या जाड तांब्याच्या तारेने जोडाव्यात, आणि घराच्या अर्थिंगशीही जोडाव्यात. दोन वेगळी अर्थिंग ठेवणे विजेच्या कडकडाटात घातक ठरते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात संच वापरात नसताना केबल काढून घराबाहेर ठेवतात.

दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत ७ मेगाहर्ट्झवर सतत चरचर येऊ लागली तर लगेच संच खोलू नये. खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसून बारीक ठिणग्या पडत असतात. रात्रीच्या दवाने तो थर ओलावला की चरचर वाढते. लहान बॅटरीवरचा रेडिओ घेऊन रस्त्याने चालत गेल्यास दोषी खांब सापडतो, आणि खांबाचा क्रमांक देऊन तक्रार करता येते.