'देव बी मरस का?' : एका प्रश्नामागचा इतिहास

गेल्या मे महिन्यात धुळ्यात सुट्टीतली बायबल शाळा चालू होती. सातवीतल्या एका मुलीने प्रार्थना संपताच विचारले, "ताई, देव बी मरस का?" मावसभावाच्या मोबाइलवर तिने 'हिज डार्क मटेरियल्स' ही मालिका पाहिली होती. तिच्या शेजारची मुले हसली, पण ती हसली नाही. त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांमधल्या पालकांना ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते.

सुरुवात सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकापासून करावी लागते. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या लुईसची आई १९०८ साली कॅन्सरने गेली. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. आई बरी व्हावी म्हणून त्याने केलेल्या प्रार्थना फळल्या नाहीत. पुढे तो नास्तिक झाला, आणि ऑक्सफर्डला प्राध्यापक असताना १९३१ साली परत ख्रिस्ताकडे वळला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याच्याशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या एका चर्चेचा त्यात मोठा वाटा होता. १९५० ते १९५६ या काळात नार्निया या काल्पनिक जगाविषयीची त्याची मुलांसाठीची सात पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिल्याच पुस्तकात अस्लान हा सिंह एका फितूर मुलाच्या जागी दगडी मेजावर मरण पत्करतो. सहाव्यात एक मुलगा आजारी आईसाठी औषध मागतो आणि वर पाहतो, तर अस्लानच्याच डोळ्यांत पाणी. नऊ वर्षांच्या लुईसला जे मिळाले नाही ते इथे आहे. ते पान मी आजही सावकाश वाचते.

या नार्नियावरच 'हिज डार्क मटेरियल्स'चे इंग्रज लेखक फिलिप पुलमन यांचा राग. त्यांचे आजोबा अँग्लिकन पाळक, तरी पुलमन स्वतः नास्तिक. १९९८ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून लुईसवर कडक टीका केली: मुलांच्या मृत्यूचा गौरव, स्त्रियांविषयीची अढी, लिपस्टिक आवडते म्हणून नार्नियातल्या सुझन या मुलीला दाखवलेला बाहेरचा रस्ता. सुझनविषयीचा त्यांचा आक्षेप मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही.

त्यांची स्वतःची तीन पुस्तके १९९५, १९९७ आणि २००० साली आली. 'हिज डार्क मटेरियल्स' हे त्यांचे एकत्र नाव मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यातून घेतलेले. तिसऱ्या पुस्तकाला ब्रिटनमधला व्हिटब्रेड हा साहित्याचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. याच पुस्तकात 'ऑथॉरिटी' म्हणजे देव म्हणवून घेणारा स्फटिकाच्या पालखीत बसलेला जर्जर म्हातारा आहे. मुले दया येऊन त्याला बाहेर काढतात आणि वाऱ्याची झुळूक लागताच तो विरून जातो. आमच्या मुलीने पाहिले ते हेच. मात्र एक गोष्ट सहज निसटते. पुस्तकातच सांगितले आहे की हा निर्माणकर्ता नव्हे. तो पहिला देवदूत, आणि आपणच सगळ्यांना निर्माण केले अशी थाप त्याने इतरांना मारली.

ख्रिस्ती लोकांचे उत्तर एकसारखे नव्हते. ब्रिटिश पत्रकार पीटर हिचन्स यांनी २००२ साली पुलमन यांना ब्रिटनमधला सर्वांत धोकादायक लेखक ठरवले. २००७ साली पहिल्या पुस्तकावरचा 'द गोल्डन कंपास' चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, खरे तर चित्रपटातून धर्माचे उल्लेख आधीच पुष्कळ गाळले होते. याउलट कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स मार्च २००४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरात पुलमन यांच्यासमोर बसले आणि सगळ्यांदेखत शांतपणे बोलले. ही पुस्तके शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला वाचावीत असेही त्यांचे मत होते. मरतो तो ख्रिस्ताचा पिता नव्हे, सत्तेला चिकटलेली एक मूर्ती आहे, हे त्यांनी ओळखले होते. मी त्यांच्या बाजूची आहे.

आपल्या खानदेशाला या वाटेची ओळख आहे. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' हे नाव मिळाले. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखे सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, तरी ते घर त्यांना परके झाले नाही. फुलराणीच्या या कवीला १९१८ साली जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली मृत्यू आला. कल्पनेला आधी तिचा धर्म न विचारणारे ख्रिस्ती घर मराठीत शंभर वर्षांपूर्वी होते, हे आमच्या पाळकसाहेबांना मी मुद्दाम सांगते.

त्या दिवशी मी मुलीला 'नाही' म्हटले नाही. 'हो, मरतो,' म्हटले, आणि गुड फ्रायडेचा शास्त्रपाठ उघडला. पालखीतल्या म्हाताऱ्याने आसन सोडले नव्हते, म्हणून तो झिजत गेला. आमचा प्रभू ते आपणहून सोडून खाली आला आणि खिळ्यांनी मेला. तिने तो उतारा दोनदा वाचला. मग तिने मला विचारले, "मंग तो सिंव्ह बी उठस का?" दुसऱ्या दिवशी मी नार्नियाचे पहिले पुस्तक पिशवीत घालून नेले.