धूर्त नायकाचा आदिबंध: एका संकल्पनेची पार्श्वभूमी

लोणी चोरणारा कृष्ण, जन्माच्या दिवशीच गुरे पळवणारा ग्रीक हर्मीस, देवांच्या पंगतीत बसून देवांचाच घात करणारा नॉर्स लोकी आणि स्वतःच्याच दोन हातांचे भांडण लागताना पाहणारा उत्तर अमेरिकेतील हो-चंक या आदिवासी लोकांचा वाकजुंकागा या चौघांना आज आपण सहज एका रांगेत बसवतो. या सर्वांसाठी अभ्यासक ‘ट्रिकस्टर’ हा शब्द वापरतात आणि मराठीत त्याला धूर्त किंवा खोडकर नायक म्हटले जाते. ही रांग पुराणकथांमध्ये आधीपासून नव्हती. गेल्या दीडशे वर्षांत मानवशास्त्र आणि मानसशास्त्र यांनी मिळून ती लावली, आणि तिचा पाया पुष्कळ अंशी एकाच संहितेवर उभा आहे. त्या संहितेचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही या संकल्पनेत उतरल्या असल्यामुळे तिचा इतिहास नीट पाहणे आवश्यक ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या कथा गोळा होऊ लागल्या, तेव्हा संग्राहकांपुढे एक कोडे उभे राहिले. मनुष्यासाठी अग्नी आणणारा, राक्षसांना मारणारा, नद्या-डोंगरांना आकार देणारा जो उपकारकर्ता, तोच पुढच्या कथेत खादाड, कामातुर, खोटारडा आणि स्वतःच्याच डावात फसणारा मूर्ख निघतो. मानवशास्त्रज्ञ डॅनिएल ब्रिंटन यांनी याचा उलगडा ऱ्हासाच्या कल्पनेने केला. अल्गाँक्विन लोकांचा मिचाबो मूळचा प्रकाशाचा देव होता आणि त्याच्या टवाळ कथा नंतरच्या काळात चिकटल्या, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्झ बोआझ यांनी 1898 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील थॉम्पसन नदीकाठच्या कथांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना हा क्रम उलटा केला. त्यांच्या मते स्वार्थी, नीतिनिरपेक्ष पात्र आधीचे. त्याच्या हातून झालेले उपकार हे त्याच्या हव्यासाचे अनपेक्षित फळ. आणि समाज बदलत गेला तसतसा उपकारकर्ता आणि विदूषक वेगळे होत गेले. दोन्ही अभ्यासकांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे हे दोन स्वभाव मुळात एकत्र नांदू शकत नाहीत. पुढच्या बहुतेक वादाचे मूळ या गृहीतकात आहे.

बोआझ यांचे विद्यार्थी पॉल रॅडिन यांनी 1908 पासून विनेबेगो लोकांमध्ये क्षेत्रकार्य केले. हे लोक स्वतःला हो-चंक म्हणतात. 1912 मध्ये सॅम ब्लोस्नेक या हो-चंक व्यक्तीने एका वृद्ध कथाकाराकडून ऐकलेले वाकजुंकागाचे कथाचक्र हो-चंक भाषेत लिहून रॅडिन यांना दिले. एकोणपन्नास प्रसंगांचे हे चक्र एका टोळीप्रमुखापासून सुरू होते. रूढीप्रमाणे ज्याला युद्धावर जाता येत नाही, तोच युद्धाची मेजवानी घालतो, मेजवानी चालू असताना उठून स्त्रीकडे जातो, आपली नाव फोडतो, युद्धाची पवित्र गाठोडी पायदळी तुडवतो आणि शेवटी एकटाच उरतो. पुढे त्याचा उजवा हात बायसनचे, म्हणजे अमेरिकी रानगव्याचे, मांस कापत असताना डावा हात मध्ये पडतो आणि दोन्ही हात एकमेकांना रक्तबंबाळ करतात. ज्याला स्वतःच्या शरीराची हद्दसुद्धा माहीत नाही, असा हा नायक हळूहळू आपल्या अवयवांना ओळखू लागतो, अनेकदा फसतो आणि अखेरीस लोकांच्या वाटेतील अडथळे दूर करून, एका खडकावर शेवटचे जेवण घेऊन पृथ्वीवरून निघून जातो.

या संहितेचे जगभर वाचन घडले ते मात्र स्वित्झर्लंडमार्गे. तेथील मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताव युंग यांनी ‘आदिबंध’ (आर्किटाइप) ही संज्ञा 1919 पासून वापरली. व्यक्तीच्या नेणिवेखाली मानवजातीची एक सामूहिक नेणीव असते आणि तिच्यातील आकृतिबंध, म्हणजेच आदिबंध, स्वप्नांत, पुराणकथांत व धर्मविधींत पुन्हा पुन्हा प्रकट होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1933 पासून स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे भरणाऱ्या एरानोस परिषदांमध्ये मानसशास्त्रज्ञ, धर्मेतिहासकार आणि अभिजात भाषांचे पंडित एकत्र येत असत. रॅडिन यांनी तेथे 1949 मध्ये व्याख्यान दिले, आणि त्याच वर्तुळातून 1954 मध्ये जर्मनमध्ये व 1956 मध्ये इंग्रजीत हे कथाचक्र तीन भाष्यांसह प्रसिद्ध झाले. भाष्यकार होते स्वतः रॅडिन, ग्रीक धर्माचे अभ्यासक कार्ल केरेन्यी आणि युंग.

युंग यांच्या निबंधात वाकजुंकागा ही एका अगदी प्राथमिक, पशुपातळीवरून नुकत्याच वर आलेल्या जाणिवेची प्रतिमा ठरते. व्यक्तीमध्ये जी ‘छाया’, म्हणजे नाकारलेल्या हीन गुणांचा साठा, तिचेच हे सामूहिक रूप. मग सुधारलेला समाज ही कथा का सांगत राहतो? युंग यांचे उत्तर असे, की मागे टाकलेली अवस्था डोळ्यांसमोर ठेवण्यात उपचाराचे मूल्य आहे. जी छाया विसरली जाते ती नाहीशी होत नाही, ती दुसऱ्यावर लादली जाते. या मुद्द्याला आधार म्हणून त्यांनी मध्ययुगीन युरोपातील ‘मूर्खांचा उत्सव’ पुढे आणला, ज्यात कनिष्ठ पुरोहित चर्चमध्येच पूजाविधीची टवाळी करीत. 1445 मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्याशाखेने या उत्सवावर कडक आक्षेप घेतला होता. पुढे धूर्ताच्या छायेतूनच तारणहाराची चाहूल लागते, असेही युंग सुचवतात, आणि त्यांच्या निबंधातील हा सर्वांत मोलाचा विचार आहे असे मला वाटते.

मात्र या मांडणीत एक शिडी आहे. खालच्या पायरीवर अविकसित मन, वरच्या पायरीवर विकसित मन. युंग यांचे सहकारी जोसेफ हेंडरसन यांनी 1964 मध्ये रॅडिन यांच्याच सामग्रीवरून नायकाच्या विकासाच्या चार अवस्था सामान्य वाचकांपुढे मांडल्या आणि त्यांत धूर्ताला पहिली, म्हणजे बाल्याची पायरी दिली. कथा सांगणाऱ्या हो-चंक समाजाची समज मात्र वेगळी होती. रॅडिन यांनीच नोंदवले आहे, की हे कथाचक्र ‘वाइकान’ या पवित्र प्रकारात मोडते आणि असल्या कथा साप जमिनीखाली गेल्यावर, म्हणजे हिवाळ्यातच सांगायच्या असतात. ज्या समाजाने एखाद्या कथेला इतके कडक नियम लावले, तो समाज तिच्याकडे मनाच्या बालपणाचा अवशेष म्हणून पाहत होता, हे मानणे कठीण आहे. सॅम ब्लोस्नेक तेव्हा पेयोटी या निवडुंगाच्या विधिवत सेवनावर आधारलेल्या नव्या धर्मपंथात गेले होते आणि जुन्या पवित्र कथा लिहून द्यायला ते तयार झाले, यामागे हा पालटही होता. जागतिक आदिबंधाचा आधारस्तंभ ठरलेली संहिता अशा धार्मिक उलथापालथीच्या क्षणी कागदावर आली, ही बाब मानसशास्त्रीय भाष्यांत फार थोड्या ठिकाणी विचारात घेतली जाते.

तुलना करायचीच तर ती एखाद्या नेमक्या प्रसंगावर टिकवून पाहावी, आणि त्यासाठी बंधनाचा प्रसंग सर्वांत उपयुक्त आहे. धूर्ताला कोण बांधते, कशाने बांधते आणि तो बांधला जातो का, या प्रश्नांची चारही परंपरांत उत्तरे आहेत.

हर्मीसचे होमरी स्तोत्र सांगते, की तो पहाटे जन्मला, दुपारी कासवाच्या कवचाची वीणा करून वाजवू लागला आणि संध्याकाळी अपोलोच्या पन्नास गाई त्याने पळवल्या. माग उलटा दिसावा म्हणून त्याने गाई मागे चालवल्या आणि स्वतःच्या पायांना फांद्यांची पादत्राणे बांधली. त्याचा बाप, देवराज झ्यूस याच्यापुढे उभे केल्यावर, आपण कालच जन्मलो, गाई कशा चोरणार, असे तो शपथेवर सांगतो आणि झ्यूस खदखदून हसतो. अपोलो त्याला वेताच्या काड्यांनी बांधू पाहतो, तेव्हा त्या काड्या तिथेच जमिनीत रुजतात, वाढतात आणि गाईंनाच वेढून टाकतात. मग हर्मीस वीणा वाजवतो, अपोलो भुलतो, आणि वीणेच्या बदल्यात गुरे असा करार होऊन चोर ऑलिंपसवर आपले स्थान मिळवतो.

भागवताच्या दशम स्कंधात गोपी यशोदेकडे गाऱ्हाणे घेऊन येतात. अवेळी वासरे सोडणे, पाट आणि उखळ रचून शिंक्यापर्यंत पोहोचणे, हात पुरला नाही तर मडक्याला भोक पाडणे, चोरलेले लोणी माकडांना वाटणे, अशी ही यादी आहे. माती खाल्ली का, असे विचारल्यावर तोही सरळ नाही म्हणतो आणि तोंड उघडतो, तर आत सारे विश्व. पुढे यशोदा त्याला उखळाला बांधायला जाते आणि दावे दोन बोटे कमी पडते. ती दुसरे दावे जोडते, तेही दोन बोटे कमी. घरातली सगळी दावी संपतात, ती घामाघूम होते, तिच्या केसांतली फुले गळतात, आणि तिचा शिणवटा पाहून तो कृपेने स्वतःला बांधून घेतो.

दोन्ही कथांत तान्हे मूल, चोरी, धडधडीत खोटे आणि निकामी ठरणारे बंधन आहे. आदिबंधाचा अभ्यासक येथे समाधानाने थांबेल, आणि साम्य खरेच थक्क करणारे आहे. पण पुढचे पाऊल महत्त्वाचे. हर्मीस बंधन टाळतो आणि त्यातून सौदा घडतो. कृष्ण बंधन स्वीकारतो आणि त्यातून भक्तीचा सिद्धान्त घडतो. वाकजुंकागाला तर कोणी बांधतच नाही. एल्क या मोठ्या हरणाच्या कवटीत त्याचे डोके अडकते ते त्याच्या स्वतःच्या हव्यासामुळे, आणि कवटी फोडायला माणसेच यावी लागतात. लोकीची गोष्ट याहून वेगळी आहे. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन यांनी नोंदवलेल्या कथेप्रमाणे लोकीने घडवून आणलेल्या बाल्डर या देवाच्या मृत्यूनंतर देव लोकीला त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी तीन शिळांना बांधतात. वर टांगलेल्या सापाचे विष त्याची बायको सिगिन भांड्यात झेलते, ती भांडे रिकामे करायला गेली की विष त्याच्या तोंडावर पडते आणि त्याच्या तडफडण्याने भूकंप होतो. हे बंधन प्रलयाच्या वेळीच सुटणार आहे. चौघांना एकच नाव दिल्यावर नेमका हा फरक पुसट होतो, आणि मला तर कोणता समाज आपल्या अव्यवस्थेशी कसा वागतो हे याच फरकात सर्वाधिक दिसते.

ही अडचण मानसशास्त्राच्या आतूनही मांडली गेली. जेम्स हिलमन यांनी 1970 मध्ये आपल्या विचारधारेला ‘आदिबंधात्मक मानसशास्त्र’ हे नाव दिले आणि 1975 च्या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. प्रतिमेचा अर्थ काढून ती बाजूला ठेवू नये, तिच्यापाशीच राहावे, हा त्यांचा आग्रह होता. मन एकदेवी नसून अनेकदेवी आहे, म्हणून हर्मीस ही कोणत्याही शिडीची खालची पायरी नाही, ती जगाकडे पाहण्याची एक पूर्ण रीत आहे. राफाएल लोपेझ-पेद्राझा यांनी 1977 मध्ये हर्मीसवर लिहिताना हीच दिशा धरली. धर्मेतिहास आणि मानवशास्त्र यांतून आलेली टीका अधिक कठोर होती. 1966 मध्ये मॅक लिन्सकॉट रिकेट्स यांनी धूर्ताला दैवी शक्तींपुढे न झुकता स्वतःच्या बुद्धीवर जगू पाहणारा माणूस मानले, म्हणजे आत्म्यांशी व दैवी शक्तींशी संपर्क साधणाऱ्या शामानाचा प्रतिपक्ष. 1980 मध्ये टी. ओ. बाइडेलमन यांनी पूर्व आफ्रिकेतील कागुरू कथांच्या आधारे असा आक्षेप घेतला, की ही कोटी अभ्यासकांनी बाहेरून लादली असून आधी प्रत्येक पात्र त्याच्या समाजात समजून घ्यायला हवे.

मराठी वाचकाला या वादात एक ठोस उदाहरण देता येते. आषाढी वारीनंतर पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो, आणि गावोगावच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. कीर्तनकार बाळकृष्णाच्या खोड्या सांगतो, हंडी फुटते, आणि सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून जेवलेल्या गोपाळांच्या आठवणीने दही-लाह्यांचा काला वाटला जातो. युंग यांना मूर्खांच्या उत्सवात दिसलेली छाया येथे टवाळीच्या रूपाने येत नाही. चोरीची कथाच प्रसादाचे कारण होते, आणि हा विधी बंद पाडण्याची गरज वारकरी संप्रदायाला वाटली नाही. महानुभाव पंथ ज्या पाच अवतारांना ‘पंचकृष्ण’ म्हणून पूजतो, त्यांपैकी ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभू हे तर तेराव्या शतकातले ऐतिहासिक पुरुष. वेड्यासारखे वागणारे, मनाला येईल तिथे जाणारे, खाण्यासाठी हट्ट करणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या घरीही शिरणारे असे त्यांचे चित्र म्हाइंभटांच्या चरित्रग्रंथात आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या 1984 च्या इंग्रजी अनुवादामुळे तो ग्रंथ जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाला. या लीळांना छाया म्हणावे तर त्यांचे भक्त त्यांनाच परमेश्वर म्हणतात. बाल्यावस्था म्हणावी तर त्या लीळांच्या स्मरणालाच पंथाने साधनेचा दर्जा दिला आहे. धूर्त नायकांच्या तौलनिक अभ्यासात हर्मीस आणि लोकी यांच्याइतकी जागा या चरित्राला मिळायला हवी, कारण येथे मर्यादा मोडणारा केवळ कथेतले पात्र नसून गावाच्या रस्त्यांवर फिरलेला माणूस आहे, आणि त्याच्या प्रत्येक कृतीला लोकांनी काय प्रतिसाद दिला हेही प्रसंगागणिक लिहून ठेवलेले आहे.