डुकराची झडप चालते, मग हृदय का नाही?

डुकराच्या हृदयातली झडप माणसाला बसवतात हे ऐकून आजही काही जण तोंड वाकडं करतात. पण ही शस्त्रक्रिया पन्नासहून अधिक वर्षं होते आहे. फ्रेंच हृदयशल्यविशारद आलाँ कार्पांतिए यांनी १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये अशा झडपा ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात मुरवायला सुरुवात केली. कातडं कमावण्यातलाच हा प्रकार. पेशी मरतात, कोलॅजन या प्रथिनाचा सांगाडा उरतो. अशा निर्जीव ऊतीवर शरीर फारसं तुटून पडत नाही. झडप दहा-पंधरा वर्षं काम देते, मग कॅल्शियम साठून ताठरते.

जिवंत अवयवाला मुरवून कसं चालेल? डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर अल्फा-गॅल नावाची साखर असते. आपल्या पूर्वजांनी ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच गमावली. आतड्यातल्या काही जिवाणूंवर मात्र तशीच साखर असल्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आपल्या रक्तात लहानपणापासूनच तयार असतात. जनुकीय बदल न केलेल्या डुकराचं मूत्रपिंड माणसाला जोडून रक्त सोडलं, की ती अस्तराला चिकटतात, रक्त गोठतं आणि गुलाबी मूत्रपिंड बघता बघता काळंनिळं पडतं. १९९७ साली डॉ. धनीराम बरुआ यांनी गुवाहाटीजवळ एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं, तेव्हा ही साखर काढून टाकलेली डुकरं जन्मालाच आली नव्हती. रुग्ण आठवडाभरात दगावला, डॉक्टरांना तुरुंगवास घडला.

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एका रुग्णाला बसवलेल्या डुकराच्या हृदयात दहा जनुकीय बदल होते. डुकरी साखरा बनवणारी तीन जनुकं बंद, माणसाची सहा जनुकं घातलेली. दहावा बदल मला सगळ्यात मजेशीर वाटतो: वाढ-संप्रेरकाला प्रतिसाद देणारं जनुकच बंद केलं, नाहीतर हृदय छातीच्या पिंजऱ्यात वाढतच राहिलं असतं!

रुग्ण दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकरांचा सायटोमेगालोव्हायरस नावाचा विषाणू सापडला. डुकराच्या नाकातल्या स्वॅबची तपासणी आधी झाली होती, पण विषाणू आत दडी मारून बसलेला असेल तर स्वॅबमध्ये काय सापडणार? मृत्यूला तोच कारण होता असं ठामपणे म्हणता येत नाही. पण तेव्हापासून दाता डुकराच्या रक्तातली या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडंही तपासावीत, असा आग्रह धरला जातो.

मूत्रपिंडांची मजल थोडी पुढे गेली आहे. जानेवारी २०२५मध्ये बॉस्टनला बसवलेलं एक २७१ दिवस चाललं. मग त्याचं काम मंदावलं, ते काढावं लागलं आणि रुग्ण पुन्हा डायलिसिसवर गेला.