नैसर्गिक खाद्यरंग : सुरक्षितता आणि नियम

वनस्पती, किडे, शेवाळ नाहीतर खनिजं यांच्यापासून काढून खायच्या पदार्थात घालतात ते नैसर्गिक खाद्यरंग. बीट, हळद, पाप्रिका (एक लाल मिरची), ॲनाटोच्या म्हणजे शेंद्रीच्या बिया, स्पिरुलिना नावाचं शेवाळ ही त्यातली नेहमीची मंडळी. पाकिटावर 'नॅचरल' वाचलं की आपण निर्धास्त होतो, पण अमेरिकेत एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या, नियमांत असा वेगळा प्रकारच नाही. रंग कशापासूनही काढलेला असो, मंजुरी आधी घ्यावीच लागते, फरक इतकाच की कृत्रिम रंगांची प्रत्येक बॅच एफडीएकडून तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि नैसर्गिक रंगांना त्यातून सूट आहे. सूट बॅचच्या प्रमाणपत्रातून, मंजुरीतून नव्हे, आणि गल्लत होते ती इथेच.

कार्माइनचंच बघा ना. निवडुंगावर वाढणारे कोचिनील किडे वाळवून त्यांच्यापासून हा लालभडक रंग काढतात, म्हणजे शंभर टक्के नैसर्गिक, पण त्यात किड्याची प्रथिनं थोडीफार उरतात आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते. तरी कित्येक वर्षं लेबलवर नुसतं 'कलर ॲडेड' लिहून भागत होतं! २००९ मध्ये नियम झाला आणि जानेवारी २०११ पासून अमेरिकेत लेबलवर कार्माइनचं नाव छापणं सक्तीचं झालं. शाकाहारी लोकांचीही सोय झाली म्हणायची.

युरोपात नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन्ही जातींच्या रंगांना ई-नंबर म्हणजे मंजूर ॲडिटिव्हचा (पदार्थात मुद्दाम घातलेल्या घटकाचा) ओळख क्रमांक असतो, कार्माइन ई१२०, हळदीतलं कर्क्युमिन ई१००. रोज किती पोटात गेलं तर चालेल तेही ठरवतात. ॲनाटोत बिक्सिन आणि नॉरबिक्सिन असे दोन रंग, बी एकच, पण २०१६ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे पहिल्याला ६ मिलीग्रॅम आणि दुसऱ्याला फक्त ०.३ मिलीग्रॅम अशी रोजची मर्यादा घातली. पालकाचा किंवा बीटचा रस नुसता आटवून घातला तर तो रंग देणारा खाद्यपदार्थ धरतात, त्यातलं रंगद्रव्य तेवढं वेगळं काढलं की मात्र तो ॲडिटिव्ह झाला.

खरी डोकेदुखी भेसळीची. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट घालतात, म्हणजे सरळ शिसं पोटात. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये तिखटात सुदान-१ हा मेण, तेल, बूटपॉलिश यांना वापरायचा रंग सापडला आणि शेकडो उत्पादनं दुकानांतून परत घ्यावी लागली.

निळ्याची वेगळीच रड आहे. स्पिरुलिनाचा निळा आंबट पेयात टिकत नाही, म्हणून गाल्डिएरिया या शेवाळाचा आम्लात जास्त तग धरणारा निळा आणला, त्याला एफडीएने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली.