बंद पेट्रोल पंपाच्या जागेची माती आणि भूजल तपासणी, कोल्हापूर

बंद पडलेल्या पंपाखालच्या मातीत आणि पाण्यात पेट्रोल-डिझेल उतरलंय का, किती उतरलंय, कुठवर गेलंय आणि त्याचा त्रास कुणाला होऊ शकतो हे शोधायचं काम म्हणजे ही तपासणी. कोल्हापुरात तिची आठवण होते ती जागा विकताना नाहीतर तिथं अपार्टमेंट उठवताना. रस्ता रुंदीकरणात पंप गेला, भाडेकरार संपला किंवा मालकानं तो हायवेला हलवला, टाक्या काढल्या, वरून मुरूम टाकून रोलर फिरवला की झाली जागा मोकळी असं सगळे धरून चालतात. पण खाली मुरलेलं तेल काही टाकीबरोबर क्रेनला लटकून वर येत नाही.

सुरुवात कागदापासून. पंपाचं लायसन्स पेट्रोलियम नियम 2002 खाली पेसो देते, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्राची यंत्रणा, तिचं मुख्यालय नागपूरला, आणि लायसन्सबरोबर मंजूर नकाशा असतो, त्यात टाक्या, पाइपलाइन, फिलिंग पॉइंट, व्हेंट पाइप सगळं दाखवलेलं असतं. तो नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, जुने फोटो आणि स्टॉक रजिस्टर एवढं मिळालं तरी निम्मं काम होतं. उरलेलं जुन्या कामगारांशी बोलून. त्यांना विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे पावसाळ्यात टाकीत पाणी यायचं का. सकाळी डिपच्या, म्हणजे टाकीतली पातळी मोजायच्या, काठीला वॉटर पेस्ट लावून टाकीत सोडतात, तळाशी पाणी असलं की पेस्टचा रंग बदलतो, आणि दर जुलैत रंग बदलत असेल तर झाकणातून पाणी आत शिरत होतं नाहीतर टाकीला किंवा पाइपाला भोक होतं, आणि भोक असेल तर उन्हाळ्यात त्याच वाटेनं तेल बाहेर जाणार. टाकी फुटून एकदम गळती होणं तसं कमीच, सांध्यातून थेंब थेंब आणि टँकर खाली करताना सांडलेलं, हेच जास्त, आणि पेट्रोल उडतंच म्हणून रोजची थोडी घट कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

पेट्रोलमधला घातक भाग म्हणजे बेंझीन, सोबत टोल्यूइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन. बेंझीननं कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. आत्ताच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण पावणेनऊ ग्रॅम, कागदावर हिशेब केला तर तेवढ्यात पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला पोचतं. 2000 सालाआधीचा पंप असेल तर मातीत शिसंही बघायचं, कारण देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं ते त्या वर्षी. सर्व्हिसिंगचा रॅम्प असेल तर जळकं ऑइल वेगळं.

आता कोल्हापूरची जमीन. वर काळी माती, खाली मुरूम, मग बेसॉल्टचा कातळ. काळी माती ओली असताना पाणी फारसं जाऊ देत नाही, त्यामुळं वाळू भरलेल्या टाकीच्या खड्ड्याचा हौद होतो आणि गळलेलं तेल तिथंच साचून राहतं, पण उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि वाट मोकळी होते. कातळात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडून झिरपत नाही, सांधे आणि भेगा धरून पळतं, म्हणून एका बोअरला काही लागलं नाही आणि चार पावलांवरच्या बोअरला वास आला असं होऊ शकतं. एकाच बोअरवर दिलेल्या क्लीन रिपोर्टला माझ्या मते काडीची किंमत नाही.

त्यातून बोअर मारायला नेहमीची बोअरवेलची गाडी बोलावली तर आणखी घोळ. ती कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते, त्या हवेनं उडणारं बेंझीन निघून जातं, कॉम्प्रेसरचं तेल मात्र भोकात जाऊ शकतं. दुसरं म्हणजे ती दोनतीनशे फूट खाली जाते आणि केसिंग फक्त वरच्या मातीपुरती, म्हणजे वरच्या घाण पाण्याला खालच्या चांगल्या पाण्यात उतरायला आपणच जिना करून दिला. मातीत आणि मुरमात हाताचा ऑगर, म्हणजे हातानं फिरवायचा गिरमिट, आणि कातळात कोअर ड्रिलिंग, म्हणजे दगडाचा अखंड दांडा कापून काढणं, बरं. काढलेली माती लगेच पिशवीत अर्धी भरून बंद करायची, थोडा वेळ ठेवायची आणि पीआयडी मीटरची, म्हणजे हवेतली तेलाची वाफ मोजणाऱ्या यंत्राची, नळी आत खुपसायची, आकडा चढला की तिथलं सॅम्पल लॅबला. मीटर कुठला वायू ते सांगत नाही, फक्त कुठं खणायचं ते सांगतो.

पाण्यासाठी निरीक्षण विहिरी लागतात, कमीत कमी तीन, त्याही एका रेषेत नकोत, नाहीतर पाण्याचा उतार कुठल्या दिशेला ते काढता येत नाही. जाळीचा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडं हवा, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, वर तरंगतं, आणि जाळी पूर्ण बुडलेली असेल तर ते आतच येत नाही. पाइपाला सोल्युशन लावून जोडायचं नाही, त्यातलीच केमिकल सॅम्पलमध्ये दिसतात, आटे पाडलेले, फिरवून बसवायचे पाइप घ्यायचे. सॅम्पलची बाटली 40 मिलीची, काठोकाठ भरायची, उलटी करून बघायची, बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची, मग बर्फाच्या पेटीत.

इथं ऋतूही बघावा लागतो. मे महिन्यात पातळी तळाला आणि पावसाळ्यात एकदम वर, तरंगणारं तेल तिच्याबरोबर वर-खाली होऊन मधल्या सगळ्या थराला फासलं जातं. म्हणून मे आणि ऑक्टोबर दोन्हीकडं मोजणी पाहिजे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या विहिरींच्या नोंदी ताडून बघायला उपयोगी पडतात. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात तर रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाऊ शकते आणि जोडलेले पाइप तुटतात, तेव्हा 2019 आणि 2021 ला जागा पाण्यात होती का ते शेजाऱ्यांना विचारायचंच.

ऊसवाल्या जिल्ह्याला हे खरं तर पचायला जड, पण पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळल्यामुळं प्रश्न थोडा अवघड होतो: जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि बेंझीन मागं राहून लांबवर जातं.

आजूबाजूला बोअर किती, आड किती याची यादी हवीच. शहरात पिण्याचं पाणी नळाचं आणि बोअरचं वापरायला, म्हणून वास आला तरी कुणी तक्रार करत नाही, पण अंघोळीच्या गरम पाण्यातून बेंझीन हवेत येतं आणि श्वासात जातं. शेजारी बेसमेंट पार्किंगचा खड्डा काढून रात्रंदिवस मोटार चालू असेल तर ती घाण पाणी आपल्याकडं ओढते, आणि ते पाणी जयंती नाल्यात सोडलं की थेट पंचगंगा.

केंद्रानं 2025 साली दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले, त्यात जिल्हा प्रशासन किंवा स्थानिक संस्थेनं संशयित जागा कळवायच्या आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्राथमिक तपासणी करायची अशी रचना आहे. दूषित निघालं तर माती उपसणं, जमिनीतली वाफ ओढून काढणं, तरंगतं तेल उपसणं किंवा जिवाणूंवर सोडून मोजत राहणं हे पर्याय. साफसफाईनंतरही निरीक्षण विहिरी लगेच बुजवायच्या नाहीत, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाणी तपासायचं.