क्षेपणास्त्ररोधी यंत्रणा (अण्वस्त्रांविरुद्ध)

शत्रूचे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र लक्ष्य गाठण्याआधी पाडण्यासाठी उभारलेली उपग्रह, रडार, संगणक आणि रोधक क्षेपणास्त्रे यांची साखळी. साध्या स्फोटकांच्या माऱ्यात दहापैकी आठ पाडली तर वाहवा होते. अण्वस्त्रांच्या बाबतीत उरलेली दोन म्हणजे दोन शहरे. म्हणून इथे हिशेब निसटलेल्यांचा करावा लागतो.

आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे इंजिन पहिली 3 ते 5 मिनिटे जळते. तेव्हा ते सहज दिसते, पण तेवढ्या वेळात पोहोचण्याइतका जवळ रोधक नसतो. पुढे सुमारे 20 मिनिटे शस्त्र निर्वात अवकाशातून सेकंदाला सुमारे 7 किमी वेगाने जाते. वातावरणात शिरल्यावर जेमतेम मिनिटभर उरते.

अमेरिकेची 2004 पासून तैनात असलेली यंत्रणा मधल्या टप्प्यात वार करते. तिचे 44 रोधक जमिनीखालच्या सायलोंत आहेत : अलास्कातील फोर्ट ग्रीली येथे 40 आणि कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथे 4. रोधकाच्या टोकाशी साठ-पासष्ट किलोचे मारक यान असते. त्यात स्फोटक नसते. अवरक्त संवेदकाने लक्ष्य हेरून ते थेट धडकते.

खरी गोची चकव्यांची. निर्वातात हवेचा रोध नसल्याने मुलामा दिलेला हलका फुगा आणि शेकडो किलोचे शस्त्र एकाच वेगाने, एकाच मार्गाने जातात. शस्त्रही तशाच फुग्यात ठेवले तर संवेदकाने निवडायचे काय? वातावरणात फुगे मागे पडतात, पण तोवर मधल्या टप्प्याची संधी गेलेली असते.

1999 पासूनच्या चाचण्यांत यशाचे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक आहे, आणि तेही हल्ल्याची वेळ व दिशा साधारण ठाऊक असताना. प्रत्येक रोधक 55 टक्के यशस्वी धरला आणि एका शस्त्रावर चार सोडले, तर ते पाडण्याची शक्यता सुमारे 96 टक्के होते. मात्र 44 रोधक अकरा शस्त्रांतच संपतात, आणि त्या अकरांतले किमान एक निसटण्याची शक्यता 35 टक्क्यांपेक्षा जास्त उरते. शिवाय हे गणित चारही रोधकांचे अपयश परस्परांपासून स्वतंत्र मानते. दोष रचनेतच असेल तर चारही एकाच कारणाने चुकतील. डिसेंबर 2010 च्या चाचणीत यानाच्या मार्गदर्शन उपकरणाला कंपनांनी दगा दिला. दुरुस्त यान लक्ष्यावर आदळलेले दिसायला जून 2014 उजाडले. दरम्यान जुलै 2013 मध्ये जुन्या बनावटीचे यान रॉकेटपासून सुटेच झाले नाही.

उत्तर कोरियाने मोजकीच क्षेपणास्त्रे सोडली तर या यंत्रणेला अर्थ आहे. रशियाच्या शेकडो क्षेपणास्त्रांपुढे नाही. तिथे उलट तोटाच संभवतो, कारण चकवे आणि जादा शस्त्रे रोधकांपेक्षा स्वस्त पडतात. हे ओळखूनच 1972 च्या कराराने दोन्ही महासत्तांच्या रोधकांवर मर्यादा घातली होती. अमेरिका 2002 मध्ये त्यातून बाहेर पडली. 2018 मध्ये पुतिन यांनी नवी अस्त्रे जाहीर करताना हेच कारण पुढे केले.

भारताने नोव्हेंबर 2006 मध्ये ओडिशा किनाऱ्यावर ‘पृथ्वी’वर बेतलेल्या रोधकाची पहिली चाचणी घेतली. वातावरणाबाहेर एक आणि आत एक, असे दोन थर योजले आहेत. पाकिस्तानातून येणाऱ्या क्षेपणास्त्राला काही मिनिटेच लागतात, त्यामुळे पहिला वार हुकला तर दुसऱ्याला फार थोडा अवधी मिळतो. जानेवारी 2017 मध्ये पाकिस्तानने अनेक शस्त्रे वाहू शकणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी घेतली आणि प्रदेशात वाढत्या क्षेपणास्त्ररोधी यंत्रणांसमोर आपली क्षेपणास्त्रे टिकावीत हा तिचा हेतू असल्याचे उघडपणे सांगितले.